गच्चीवरून दुरुस्ती

चि. अमरेश यास, आईचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत (माझे गुडघे सोडून, ते त्यांच्या मर्जीने चालतात). आजारी होतं ते इंटरनेट. गल्लीत रस्ता खणला, त्यात केबल तुटली.

नेमका त्याच दिवशी कॉम्प्युटरवर चादरीच्या डिझाईनमधल्या मोराची मान वाकडी झाली, आणि तिकडे मागवाला नईम त्या डिझाईनसाठी खोळंबलेला. एरवी तू बेंगळुरूत बसून आमच्या कॉम्प्युटरात शिरतोस, बाण आपोआप फिरतो, आणि मी स्वप्न बघावं तशी बघत बसते. त्या दिवशी बाण हलेना. घरात फोनला रेंज नाही, माझ्याने जिना चढवत नाही, म्हणून तुझ्या आप्पांनाच फोन घेऊन गच्चीवर जावं लागलं. (तू माग सोडून नोकरीला गेलास तेव्हापासून तुझ्याशी अबोला धरलेला माणूस!)

तू सांगायचंस, ते वरून ओरडायचे, मी खाली करायची. तू विंडोजचं बटण दाबायला सांगितलं असशील, वरून आलं, "खिडकी लाव की!" लावली. मग आलं, "रिमोट बंद कर!" मी टीव्ही बंद केला. नंतर बराच वेळ वरून काहीच येईना.

शेवटी कठडा धरत मीच वर गेले. शेजारच्यांच्या ओल्या चादरी वाळत होत्या, त्यांच्या लाल-निळ्या सावलीत आप्पा बसलेले. फोन कानाला, आवाज अगदी हळू. "जेवलास का रे? भाकरी मिळती का तितं?" कॉम्प्युटरचं नाव नाही! मी पायरीवरच टेकले. लांबून मागांची खटखट येत होती, ऊन चादरींतून गाळून येत होतं. मला डुलकी लागली की मी जागीच होते, आजही सांगता येत नाही.

मोराची मान मग मीच ओढली. ती गेली मागे. नईम पेन ड्राइव्ह घेऊन आला, बघून म्हणाला, "मावशी, मोर पीछू देखरा." म्हटलं, "देखू दे." तसाच विणला.

तुझी आई

ता. क. नेट दुसऱ्याच दिवशी आलं. नेटच्या डब्याची वायर मीच काढून ठेवली आहे. आप्पा रोज दुपारी "बिघाड विचारतो" म्हणून वर जातात. फोन आता त्यांच्याच खिशात असतो, म्हणून हे पत्र.

ता. क. २. बिघाड सापडला का, असं विचारतील. सापडला म्हणू नकोस.