दीपाच्या तोंडचा आकडा

४ मे २००६

भीमराजले ताईचा जयभीम.

आम्ही सारे बरे आहोत असं लिहायची रीत हाय, म्हणून लिहिलं. आता आयक. तुह्या लॉटरीच्या दुकानात काचेवर माह्या पोट्टीचा फोटो लावला, तो आधी काढ. मी सांगाले आलती तर "ताई, चहा घे" म्हणून गिऱ्हाइकासमोर हसत वाटेला लावलं. म्हणून लिहून राह्यली. चौथी शिकली मी, चुका असतील. तू वाच.

दीपा चौदाची झाली, पण अक्कल तीन वर्साच्या लेकराची. तुह्या दुकानात बिस्किटं मांगतांना "दोन, दोन" म्हणली अन् संध्याकाळी बावीस लागला. तूच बोंबलला, "माही भाची बोलते ते लागते!" तवापासून तिचा बाप, उकंडा, वावरात गेला नाही. कापसाले भाव नाही, सारं गाव नशीब शोधून राह्यलं, अन् ते माह्याच दारात येऊन बसते. कोणी केळं देते, कोणी चिवडा. "बोल बेटा, बोल." आई म्हणली तर आकडा काढाले अक्षरं मोजतात. मांगच्या महिन्यात तापानं फणफणली, तर माणसं तिचे खोकले मोजत बसली. दवाखान्यात मी एकटीनं नेली, निजामुद्दीनभाऊच्या जीपमंधी.

आपल्या बानं छप्पन साली घरातले देव नदीत सोडले. तू भाचीलेच देव करून बसवलं.

लागलेला आकडा काचेवर लावतो. चुकलेले कुठं लावले रे? तू तर रोज पाह्यतो. आकडा काढणाऱ्या त्या यंत्राले ना दीपा माहीत, ना तिचा बाप. तरी उकंडा आला का तू म्हणतो, "भाऊजी, आज लागणारच!" अन् तो मले म्हणते, एकडाव लागू दे, मंग सोडतो. लागल्यावर कोणी सोडलं काय?

हे लिहायचं नव्हतं. आकडा चुकला का तो तिले मारते. मुद्दाम खोटं सांगते म्हणते.

आता ती बोलतच नाही. मले आईसुद्धा म्हणत नाही. खोकला आला का दोन्ही हातानं तोंड दाबते, डोळे लाल होतात, पण आवाज काढत नाही. बापाकडं पाह्यत राह्यते.

उकंडाले तिकीट देणं बंद कर, कितीबी हात जोडू दे. अन् पुढच्या शनवारी, तेरा तारखेले, बुद्धपौर्णिमेले विहारात साऱ्यांसमोर उभा राहून सांग, तो बावीस असाच लागला, पोट्टीले काही कळत नाही. माह्यं कोणी आयकत नाही, तुह्यं आयकतात.

येतांना बिस्किटं आणू नको. बिस्किट पाह्यलं का ती तोंड झाकते.

हो का नाही, ते शुक्रवारपर्यंत निजामुद्दीनभाऊजवळ लिहून दे.

शुक्रवारपर्यंत तरी तुही ताई,
कांता