स्क्रीनवर अजून जागा होती

हायडेलबर्ग, ३ मार्च २०१६

समीरची गाठ मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला खेटून. डॉ. लिंडनर म्हणाल्या, ऑपरेशन जागं ठेवूनच करावं लागेल. तो बोलतोय तोवर काढत जायचं, अडखळला की थांबायचं. जर्मन तपासायला त्यांची माणसं आहेत. पण घरी आम्ही मराठी बोलतो, आणि ती तिथे कुणालाच येत नाही.

"तुम्ही आत याल?"

हो म्हणाले.

६ मार्च

ज्या नेव्हिगेशनवर माझी पीएचडी, तेच वापरणार. सकाळचा एमआरआय स्क्रीनवर, आणि त्यावर सर्जनच्या हातातल्या उपकरणाचं टोक सरकताना दिसतं. नकाशावर आपली गाडी दिसते तसं. पण कवटी उघडली की मेंदू किंचित खाली बसतो आणि चित्र मात्र सकाळचंच राहतं. या फरकावर इतकी वर्षं काम करतेय. पेपरमध्ये मिलिमीटर लिहिताना कधी काही वाटलं नव्हतं.

सासूबाईंचा फोन. "अगं, मशीन तुमचंच आहे ना? मग कसली काळजी?" हो आई, म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

ईराने पपा हॉस्पिटलमधून कधी परत येणार हे जर्मनमध्येच विचारलं. उत्तर मराठीत दिलं, खोटं.

१० मार्च

झालं. क्रमाने लिहिते, नाहीतर...

लिंडनरबाईंनी आधीच बजावलं होतं, "स्क्रीनकडे नाही, त्याच्याकडे बघायचं." कापडाखालून त्याचा चेहरा तेवढा मोकळा. मी चित्रं दाखवत होते. कात्री. कुलूप. छत्री. मध्येच म्हणाला, "तू काही खाल्लंस का?"

मग चमचा. ओठ हलले. "ते... आपलं ते..."

एरवीही तो दर वाक्यात 'आपलं ते' म्हणतो. मी स्क्रीनकडे बघितलंच. टोक आणि बोलण्याचे तंतू यांच्यात चांगलं अंतर.

"नेहमीचं, की अडला?" लिंडनरबाई.

"पुन्हा बघू."

कंगवा नीट म्हणाला. घड्याळाला गप्प. डोळे माझ्यावर.

असिस्टंट म्हणाला, "स्क्रीनवर अजून जागा आहे."

"ते चित्र सकाळचं आहे. थांबा," मी म्हणाले.

लिंडनरबाई "गेनाऊ" म्हणाल्या, म्हणजे बरोबर, आणि हात मागे घेतला.

१२ मार्च

आजचा एमआरआय. गाठीचा तुकडा राहिलाय, त्याच कडेला. तंतूंच्या किती जवळ, हे नीट सांगता येत नाही म्हणतात. "थांबायचं मी ठरवलं, तुम्ही नाही," लिंडनरबाई म्हणाल्या. चांगल्या आहेत.

समीर दोन्ही भाषांत बोलतोय. नर्सशी फुटबॉलवरून वाद घातला. बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन रडले.

१८ मार्च

काल घरी आणलं. जेवताना न राहवून विचारलं, तेव्हा काय झालं होतं? शब्द येत नव्हता?

"झोप येत होती गं. आणि तुझा चेहरा असा काही झाला होता, मला वाटलं आत काहीतरी बिघडलं. मग सुचेचना."

"म्हणजे शब्द येत होता?"

"आता कसं सांगू?"

वरण मागितलं. वाढलं. ईरा त्याच्या टाक्यांकडे बघत होती.

पुढचा एमआरआय जूनमध्ये. राहिलेला तुकडा कदाचित तेव्हाच निघाला असता, हे त्याला बोलले नाही.