अध्यक्षपदाचा तक्ता

२ मार्च
मंडळाने निवडणुकीचं काम माझ्या गळ्यात मारलं. कॉव्हेंट्रीतल्या आमच्या मराठी मंडळात तेवीस वर्षांत पहिल्यांदाच अध्यक्षपदाला दोन उमेदवार! आरोग्य आणि शिक्षण यांवर कोण काय करणार, हे शेजारी शेजारी मांडून सगळ्यांना पाठवायचं. 'मिलिंदकाका, तुम्ही कुणाची बाजू घेत नाही,' सेक्रेटरी शाल्मली म्हणाली. खरंय. गाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं मालाची तपासणी केली. तिथे बाजू नसते.

५ मार्च
परीक्षित (स्वतः डॉक्टर) – आजारी सभासदाकडे आठवड्यातून दोनदा कुणीतरी मराठीत बोलायला जाईल. ऋजुता – दर शनिवारी मुलांची मराठी शाळा. दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत टाइप केलं. हात मात्र परीक्षितच्या रकान्यावर अडकला.

माझ्या बायकोला, सुमनला, पक्षाघात होऊन पाच महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. इंग्रजी पार पुसलं गेलं. मराठी आत आहे म्हणतात, पण बाहेर येत नाही. स्पीच थेरपीवाल्या साराला मराठी येत नाही, म्हणून मी दुभाषा. आज ती मलाच म्हणाली, 'मिलिंद, प्रश्न सुमनला होता. उत्तर तुम्ही दिलंत.' दुसरा कुणी मराठी माणूस आणा म्हणाली. सतरा तारखेला रिव्ह्यू. प्रगती दिसली नाही तर थेरपी बंद.

कुणाला आणू? नकुलला ग्लासगोला फोन केला. 'बाबा, मी येणार, पण हा वीक नाही.'

९ मार्च
तक्ता पाठवला. परीक्षितचं नाव आधी घातलं. अकारविल्हे ऋजुता आधी यायला हवी. आयुष्यात पहिल्यांदा सदोष माल पास केला, आणि लाजही वाटली नाही.

१० मार्च
कुणाच्या लक्षात आलं नाही. बहुतेक कुणी उघडलाच नाही.

१४ मार्च
सभा. मतपत्रिका मी घरून कापून नेल्या होत्या. अवधूत, म्हणजे मावळता अध्यक्ष, दोघांना हॉलच्या किचनमध्ये घेऊन गेला. दहा मिनिटांत तिघं हसत बाहेर. अवधूत म्हणाला, 'आपल्या-आपल्यात मतदान कशाला? उगाच मनं दुखावतात.' परीक्षित अध्यक्ष, ऋजुता उपाध्यक्ष. बिनविरोध! शाळेचं काय? 'बघू पुढे.' मी परीक्षितला बाजूला घेऊन आजाऱ्यांकडे जायचं विचारलं. 'काका, लोक बिझी असतात हो.' दिवाळीचा हॉल मात्र तिथल्या तिथे ठरला.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. का वाजवल्या, कळत नाही.

१७ मार्च
थेरपी बंद. सारा सॉरी म्हणाली. मनापासून म्हणाली बिचारी.

१९ मार्च
लिहिण्यासारखं काही नाही. यापुढेही नसेल.

२१ मार्च
सकाळी सुमनला उपमा भरवत होतो. तोंडाचा पट्टा चालूच – अवधूत, बिनविरोध, वाया गेलेल्या मतपत्रिका. मग नेहमीसारखं तिला विचारलं, 'माझं चुकलं का सांग.' आणि नेहमीसारखं मीच म्हणालो, 'नाही चुकलं.'
तिने डाव्या हाताने माझा चमचा बाजूला सारला.
'अहो,' म्हणाली. मग एकेक शब्द ओढून काढला. 'गप्प – बसा – जरा.'
बसलो.