चष्मेवाल्या काकांचा होमरन

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घातलेला नाही. दुकानात झेरॉक्सचं मशीन आणि कागदांचे गठ्ठे यांच्यामध्ये माणूस आडवा पडेल एवढी जागा नाही. कपाळ टेबलाला टेकवून पत्राला सुरुवात केली आहे, तेवढं गोड मानून घ्यावं.) तुमची कंबर आता कशी आहे? मामींचा गुडघा काय म्हणतो? मांजर परत आलं का? इकडे ताई ठीक, भावोजी ठीक. मीही ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

मामा, कॉलेज सोडल्यापासून (सोडलं, काढलं नाही. आईनं तुम्हाला काय सांगितलं असेल ते असो. प्रॅक्टिकलच्या सरांनी माझ्या तराजूला हात लावला, मी त्यांच्या तराजूला लावला, विषय संपला) मी भावोजींच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. सकाळी गर्दी असते. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. मग मी कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर लावतो. भावोजींनी तो कुणाकडून तरी वापरलेला घेतला, तेव्हा त्याच्या पोटात एक बेसबॉलचा गेम निघाला. बेसबॉल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. एकजण चेंडू फेकतो, दुसरा दांडकं फिरवतो. मागे स्टंप वगैरे काही नाहीत, तरी माणूस आउट होतो. तीनदा हुकलास की घरी जा. चेंडू मैदानाबाहेर गेला तर होमरन, म्हणजे सगळा आनंदीआनंद. आमच्या गेममधल्या खेळाडूंची डोकी भोपळ्याएवढी आहेत आणि पाय नखाएवढे. होमरन बसला की चेंडूला शेपटी फुटते, धावफलकाचे दिवे फुटतात, आणि लोक असे ओरडतात की शेजारचा शिंपी सुई टोचून घेतो. गेम दोघांना मिळून खेळता येतो. कीबोर्ड मात्र एकच, त्यामुळे डावी बटणं एकाची, उजवी दुसऱ्याची, आणि मधे कोपरांची मारामारी.

आता मूळ मुद्दा. आमच्या समोर चष्म्याचं दुकान आहे. ते काकांचं. आणि काकांना एक मुलगी आहे. ती दुकानात नंबर तपासायला बसते. मामा, तिचं वर्णन मी करणार नाही, कारण केलं तर पत्राचं वजन वाढून तिकिटं जास्त लागतील. एवढंच सांगतो की तिनं एकदा झेरॉक्सला दिलेल्या कागदाची मी चुकून एक प्रत जास्त काढली आणि ती अजून माझ्या उशीखाली आहे. (त्यावर कुणातरी आजोबांचा चष्म्याचा नंबर आहे. पण अक्षर तिचं आहे.) तिला मी विचारलं. ती म्हणाली, तू मला आवडतोस, तुझं डोकं आवडत नाही. बाबांशी न भांडता राहून दाखव, मग मी घरात विषय काढते. पण एकदा जरी आदळआपट केलीस, तर रस्त्यात ओळखसुद्धा दाखवणार नाही. मी म्हटलं, मी? आदळआपट? आणि हे म्हणताना स्टेपलर जरा जोरात ठेवला गेला. तिनं नुसतं स्टेपलरकडे बघितलं.

काका एक दिवस पावतीपुस्तकं छापायला आले, त्यांनी तो गेम बघितला, आणि पावतीपुस्तकं राहिली बाजूला. दुसऱ्या दिवसापासून दुपार झाली की हजर. मला वाटलं, देवच पावला. रोज एक डाव हरायचं, काका खूष, ती विषय काढणार, झालं. पण मामा, हरणं ही किती अवघड गोष्ट आहे याची मला कल्पना नव्हती. पहिल्याच दिवशी मी अगदी हातपाय गाळून बसलो होतो. तेवढ्यात काका म्हणाले, "अरे, कॉलेज अर्धं सोडलंस, निदान मॅच तरी पुरी खेळ." मी चिडलो नाही. माझं बोट चिडलं. चेंडू शेपटीसकट मैदानाबाहेर, दिवे फुटले, शिंपी ओरडला, आणि काका चहा अर्धा टाकून रस्ता ओलांडून गेले. दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून खेळलो. म्हटलं, दिसलंच नाही तर मारणार कसं? तर मिटल्या डोळ्यांनी दोन होमरन बसले. आणि मी कितीही वाईट खेळलो तरी काका त्याहून वाईट खेळायचे. मी चेंडू असा हळू टाकायचो की तो जणू वाटेत ओळखीच्यांशी गप्पा मारत येतोय. तो पोहोचायचा, मागच्या माणसाच्या हातात जाऊन विसावायचा, आणि मग काकांचं दांडकं सावकाश फिरायचं. वर मलाच विचारायचे, "गेला का रे?"

याच सुमारास सोनेरी काडी उगवला. हा चष्म्याच्या फ्रेमा विकायला येणारा एक गुळगुळीत माणूस. सोनेरी काड्यांचा चष्मा लावतो, त्याला नंबरच नाही, नुसती काच. (असल्या माणसाचा भरवसा काय?) त्याचाही डोळा तिच्यावर होता. तो काकांशी एक डाव खेळला आणि असा झकास हरला की काका जवळजवळ त्याच्या गळ्यात पडले. "याला म्हणतात खेळाडू! हरला तरी हसतोय बघ!" मी बघत होतो. लबाडानं एकही चेंडू काकांच्या जवळपास टाकला नव्हता. या खेळात असं आहे की चार चेंडू बाहेर टाकले की समोरच्याला पुढच्या ठाण्यावर फुकट चालत जाता येतं, आणि ठाणी भरली की फुकटच्या धावा. काका एकही चेंडू न मारता जिंकले होते. आपली भोपळी डोकी मैदानात फिरताना दिसत होती, त्यामुळे त्यांची खात्री की आपण मारतोच आहोत. मला हा उपाय का सुचला नाही, याचा मला आधी राग आला, मग सोनेरी काडीचा आला, आणि मग काका माझ्याकडे वळून म्हणाले, "शीक जरा याच्याकडून." त्या दिवशी नेमकी दुपारीही दुकानात झेरॉक्सला गर्दी होती. मी उठलो (खुर्ची आपोआप पडली) आणि सगळ्यांच्या देखत ओरडलो, "काका, तुम्ही एकही चेंडू मारलेला नाही! चेंडू तुम्हाला दिसतच नाही! तुमच्या चष्म्याचा नंबर बदललाय!"

मामा, माणसानं स्वयंपाक्याला सांगावं की तुझ्या जिभेला चव नाही, पण चष्मेवाल्याला हे सांगू नये. गर्दीतल्या एका बाईंनी डोळ्यांवरचा नवा चष्मा काढून उलटसुलट करून बघितला. तो त्यांनी त्याच सकाळी काकांकडून घेतला होता. काका उठले. ताठ मानेनं निघाले आणि आमच्या काचेच्या दारावर जाऊन आपटले. सोनेरी काडीनं त्यांना हात दिला आणि वळून माझ्याकडे बघून हसला.

संध्याकाळी ती आली. मी आधीच सांगून टाकलं की आदळआपट नव्हती, नुसता आवाज होता, खुर्ची हलकीच आहे. तिनं ती खुर्ची उचलून बघितली आणि मग तिला हसूच आवरेना. म्हणाली, नंबर बदललाय हे मला कधीचं माहीत आहे. परवा त्यांनी कोट अडकवायच्या खुंटीला "या, बसा" म्हटलं. पण तपासणार कसं? भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यांना पाठ आहे, माझ्या जन्माआधीपासून. समोर बसवलं की सगळ्यात खालची ओळसुद्धा धडाधड म्हणतात. मी एकदा तक्ता काढून ठेवला होता, तर रिकामी भिंत वाचून दाखवली! मी म्हटलं, बेसबॉल पाठ नाही ना त्यांना. हे मी वैतागून म्हटलं होतं, पण तिनं माझ्याकडे असं बघितलं, मामा, की मला क्षणभर आपण कॉलेज पुरं केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दुपारी ती काकांना घेऊन आली. कसं आणलं ते तिलाच माहीत. मला तिची सक्त ताकीद होती, तू फक्त चेंडू टाकायचे, सगळे सारख्या वेगाचे, सरळ मधोमध, आणि तोंड उघडायचं नाही. काकांच्या नाकावर तिनं नंबर तपासायची ती काळी गोल फ्रेम चढवली, काचांची पेटी झेरॉक्सच्या मशीनवर उघडली, आणि मागे उभी राहून दर चेंडूला काच बदलू लागली. "हे बरं की आधीचं, बाबा?" "मधे बोलू नकोस, मी खेळतोय." हुकला. दुसरी काच. हुकला, पण जरा कमी उशिरा. काका सारखे मला टोचत होते, "काय रे, आज वाचा गेली का?" मी जीभ दाताखाली धरून चेंडू टाकत होतो. (जिभेवर अजून खूण आहे.) मग तिनं एक काच बसवली, मी चेंडू टाकला, आणि मामा, काकांचं दांडकं वेळेवर फिरलं. चेंडू शेपटी लावून गेला, दिवे फुटले, शिंपी ओरडला. ती हळूच म्हणाली, "हाच नंबर." आणि कागदावर लिहून घेतला. काका मात्र हललेच नाहीत. पडद्याला नाक लावून म्हणाले, "अगं, या माणसांना भुवया आहेत!" मग मान वळवून त्या काळ्या फ्रेममधून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू इतका काडीपैलवान आहेस होय? मला वाटायचं, भरदार मिशीवाला आहेस." (मिशी मी कधी ठेवली नाही. माझ्यामागे भिंतीवर काळ्या पट्टीचं कॅलेंडर आहे.)

नवा चष्मा तयार होऊन नाकावर आला, आणि काकांनी सोनेरी काडीला डावाला बोलावलं. पहिला चेंडू बाहेर. दुसरा बाहेर. तिसरा तर पार प्रेक्षकांच्या दिशेनं. काकांनी बटणांवरून हात काढला. "मला काय लहान मूल समजतोस? हरतोयस होय मुद्दाम?" तो हसला. काका म्हणाले, "हसू नकोस. आणि तो चष्मा काढ. नंबर नाही त्याला, हे मला आज दिसलं." सोनेरी काडी जो गेला तो फ्रेमांची बॅग विसरूनच गेला. मग काका माझ्याकडे वळले आणि मामा, त्यांचा आवाज जरा ओला होता. म्हणाले, "एवढ्यांत तू एकटा सरळ निघालास. एक डाव सोडला नाहीस मला. मुलीनं कानावर घातलंय माझ्या. घरातलं मोठं माणूस घेऊन ये, बोलू." मी हरायचा किती जिवापाड प्रयत्न केला होता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. कृपा करून तुम्हीही सांगू नका.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार. मांजराला जे काय करतात ते.

तुमचा,
आता अगदी शांत झालेला भाचा

ता. क. १ : तुमच्या लक्षात आलंच असेल, मोठं माणूस म्हणजे तुम्ही. बाबा बोलणार नाहीत, आई नुसती रडेल. पत्र मिळताच निघा. काका तुम्हाला डावाला बसवतील. मुद्दाम हरू नका, ते ओळखतात. जिंकूही नका, ते चहा टाकून जातात. आणि मामा, कॅरमची सोंगटी हलल्यावरून तुम्ही शेजाऱ्यांचा बोर्ड विहिरीत टाकला होतात, तसलं काही इथे नको. भावोजी म्हणतात बरोबरीत सोडवा, पण या खेळात बरोबरी होतच नाही, निकाल लागेपर्यंत डावावर डाव चालू राहतात. तर निकाल लागू न देता मधल्या वेळात लग्नाचं ठरवून टाका.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार एवढ्यात काका नवा चष्मा लावून आले. खेळलो. अकरा-दोन हरलो, मुद्दाम नव्हे. ते खुर्चीवर उभे राहून नाचले आणि मला लिंबूटिंबू म्हणाले. मी मूठ आपटली. कीबोर्डची सहा बटणं उडाली, त्यातलं एक झेरॉक्सच्या मशीनमध्ये गेलं आणि आता प्रत्येक प्रतीच्या मधोमध एक ठिपका येतो. काका पोट धरून हसले. म्हणाले, "हा खरा चिडतो, म्हणजे खरा खेळतो. माझ्याकडून पक्कं!"

ता. क. ३ : त्या वेळी ती दारात उभी होती. आत आली नाही. नंतर मी रस्ता ओलांडून गेलो तर मला म्हणाली, "नंबर तपासायचाय? नाव सांगा."

ता. क. ४ : तेव्हा मामा, काकांशी बोलायला तुम्ही यायची आता गरज नाही, ते तयारच आहेत. कंबर दुखते, प्रवास नको. मामींना पाठवा. इतक्या वर्षांत तुमच्या हातून एवढी आदळआपट होऊनही त्या तुमच्याकडे कशा राहिल्या, हे त्यांनी येऊन तिला नीट समजावून सांगावं. काही चांगलं कारण आठवत नसेल, तर मात्र दोघंही घरीच थांबा, आणि नुसता एक कीबोर्ड पाठवा.