हॉप्सच्या वेलावरची फवारणी

आण्णा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी त्या श्रावणातल्या सकाळचा माझा राग उतरलेला नाही.

फौजेतून पेन्शनवर आलात तेव्हा तुम्ही हिमाचलातून हॉप्सचं, म्हणजे बिअरमध्ये ज्याची कडू फुलं घालतात त्या वेलाचं, मूळ ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलंत, आईला झोप लागत नाही म्हणून. तासगावच्या उन्हात तो वेल जगला हेच विशेष. आपल्याकडचा उन्हाळ्यातला दिवस त्याला लहान पडतो, त्यामुळे फुलं मोजकीच. सुकवल्यावर दोन मुठी. हिरवट, कागदासारखी, हाताला चिकटणारी. आई पाच-सहा फुलांचा कडू काढा घ्यायची आणि झोपायची. हे मी स्वतः पाहिलंय.

त्या सकाळी मी सांगलीहून सुट्टीला आलेय. द्राक्षबागेतली फवारणी आटोपून तुम्ही परसात उभे आहात आणि टाकीत उरलेलं या वेलावर मारताय. उरलेलं आपल्याकडे असंच कधी लिंबावर, कधी कढीपत्त्यावर जातं. वेल फुलांवर आलेला.

"आण्णा, ही फुलं आई पिते."

"मग? रोगबी जाईल. उरलेलं वाया घालवू व्हय?"

"द्राक्षं काढायच्या आधी दिवस मोजता ना?"

"ती परदेशात जात्यात गं. हितं कोण तपासाय बसलंय?"

आई दारातून म्हणाली, "आवं, पोरगी त्याच कामाला हाय. ऐका की जरा."

"लय शिकली! रिपोर्ट आण म्हणावं, मग ऐकतो."

परक्या देशातल्या माणसांसाठी तुम्हाला शेवटच्या फवारणीची तारीख तोंडपाठ होती. बायकोसाठी रिपोर्ट हवा होता. द्राक्षांतले औषधांचे अंश तपासणं हे सांगलीच्या प्रयोगशाळेतलं माझं रोजचं काम. त्या कामाच्या माणसाचा शब्द तुम्हाला घरात पुरला नाही. मी सगळी फुलं कापली, पिशवीत भरली आणि दुपारच्या गाडीने सांगलीला गेले. चार दिवसांनी फोन केला, "अंश सापडलाय. पिऊ देऊ नका."

तुम्ही फोन ठेवलात. संध्याकाळी कुदळ घेतलीत आणि वेल मुळासकट काढलात. तसं मी सांगितलं नव्हतं. तो हंगाम सोडला असता तरी भागलं असतं. पुढे आल्यागेल्याला मात्र ऐकवत राहिलात, "पोरीनं सांगितलं, म्हणून काढला." आई पुन्हा रात्र रात्र जागू लागली, आणि तो दोष तुम्ही माझ्या नावावर ठेवून गेलात.

आता आई साताऱ्याला माझ्याकडे असते. गच्चीवरच्या पिंपात मी हॉप्स लावलाय. यंदा पहिल्यांदा फुलं आली. फवारणी कसलीच नाही. काल तिनं एक फूल चुरगाळून हुंगलं आणि विचारलं, "तवा मशिनीत काय निघालं हुतं गं?"

मी म्हटलं, खूप दिवस झाले, आठवत नाही.

आठवतं. ती पिशवी मी प्रयोगशाळेत दिलीच नव्हती. सांगलीच्या स्टँडवर कचऱ्यात टाकली. फवारलेली फुलं पिऊ नयेत हे सांगायला यंत्र लागत नाही, हे मी आजही म्हणेन. पण अंश मर्यादेच्या आत निघाला असता, तर तो कागद तुम्ही गावभर दाखवला असता. मला त्याची भीती वाटली.