जुडी कशी दिली?

५ नोव्हेंबर, बुधवार

आज पुन्हा शोभा झाली! गोदाकाठी गंगेवरच्या बाजारात आईनं पहिल्या गाडीवर वांगी विचारली, दुसऱ्या गाडीवर गवार, मग मेथी — "जुडी कशी दिली?" घेतलं काय? काय नाय. मेथीवाला सहादू ओरडलाच, "बाई, दर बुधवारी नुसता भाव विचारता! घ्यायची कधी, पुढच्या जन्मी?" सगळे हसले. मी मोबाईलमध्ये बघत उभी. चार्जिंग संपलेलं होतं, पण बघायला काय जातंय.

त्याला काय माहीत, आईला मेथी नको असते, श्वास पायजे असतो. जरा चाललं की धाप. नुसतं उभं राहिलं तर लोक बघतात, म्हणून भाव विचारायचा. तो उत्तर देईपर्यंत उभं राहता येतं.

७ नोव्हेंबर

"आता बाजारबिजार बंद," आई म्हणे. पलंगावरच हाय. सहादूचे उपकार.

८ नोव्हेंबर, शनिवार

दवाखाना. डॉक्टर आईला म्हणाले, चालणं सोडलं तर हाय ती ताकद पण जाईल. आणि आम्हाला मीटिंगला पाठवलं. धाप लागणाऱ्यांची मीटिंग — दुसऱ्या मजल्यावर! लिफ्ट बंद! ज्यानं जागा ठरवली त्याचा सत्कार करा.

वर संध्याताई. समुपदेशक हायेत. धापेनं भीती वाटते, भीतीनं धाप वाढते, त्यावर काय उपयोगी पडतं ते म्हणे पेशंटनंच सांगायचं, मग त्या तसा कार्यक्रम बनवणार. "मनमोकळं बोला!" लय मनमोकळं बोलले सगळे. पंख्याचा आवाज ऐकत बसलो.

मग डोळे मिटा, शांत समुद्र आठवा. भिमाबाई म्हणून एक आज्जी हाय, ती म्हणाली, "ताई, समुद्र नाय पाह्यला. पांडवलेणी चालंल का?" चालेल म्हणाल्या. भिमाबाई मनातल्या मनात पायऱ्या चढली — आणि तिथंच धाप लागली!

१५ नोव्हेंबर, शनिवार

समुद्र रद्द झाला. ताईंनी आज साधं विचारलं — रस्त्यात धाप लागली की लोकांपासून कशी लपवता?

मग काय! देवरामबाबा म्हणाले, मी चपलेचा अंगठा बघत बसतो. भिमाबाई दिसेल त्या देवळाला हात जोडते. पंचवटीत देवळांना काय तोटा! "सून म्हणते, सासूबाई लय भाविक झाल्या." आईनं भाजीच्या भावाचं सांगितलं. हसता हसता सगळ्यांना खोकला, पटापट श्वासाचे पंप निघाले. ताईंचाच चेहरा पडला, "एवढं लपवता?"

मग ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायला शिकवलं. आई म्हणाली, "लोकांच्या लग्नात जन्मभर चुली फुंकल्या, म्हणून तर हे झालं. आता औषध पण फुंकरच?" पण केलं. उतरताना जिन्यात पण केलं. मी बघितलं.

घरचा अभ्यास — लपवायचं नाय. एका तरी माणसाला सांगायचं, 'दम लागलाय, थांबते.' आणि माझ्याकडे बघून, "निकिता, त्यांना बोलता नाही आलं तर तू बोल." मी! वा! काय माणूस निवडला! तोंडी परीक्षेला आवाज फुटेना म्हणून नववीत शाळा सोडलेली बाई हाय ही!

रिक्षात आई म्हणाली, "मी नाय सांगणार. लोक म्हणतील टीबी हाय. मग तुला कोण करून घेईल?"

म्हणजे हे सगळं माझ्या लग्नासाठी. मला सासरी काय बोलायचं ते पण माहीत नाय. तिथं पण मोबाईलमध्ये बघीन.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाजार नाय. डाळ.

२० नोव्हेंबर

परत डाळ.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आई मीटिंगला पण आली नाय. "जिना कोण चढणार."

दुपारी न्हाणीतून येताना मधेच थांबली. पलंग समोरच होता. न्हाणी ते पलंग कोणती गाडी लागते, कोणाला भाव विचारणार? दार धरून उभी, डोळे मोठे झालेले. मी म्हणलं, "आई, फुंकर." केली. लय वेळानं पलंगावर आली.

आज जोक सुचत नाय.

२५ नोव्हेंबर

आईला म्हणलं, उद्या बाजारात चल. म्हणाली, "तो सहादू हाय तिथं." मी म्हणलं, असू दे. मोबाईलमध्ये बघतच म्हणलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

गेलो. बरोबर सहादूच्या गाडीपाशी आईला धाप लागली. भाव विचारायला पण आवाज नाय. सहादू सुरू — "आल्या! विचारा, विचारा!"

मोबाईल हातात होता. खिशात ठेवला.

"भाव नाय विचारायचा. आईला दम लागलाय. टीबी नाय, धाप हाय. थांबू द्या." केवढा मोठा आवाज निघाला माझा! टमाट्यावाली पण वळली.

सहादूनं क्रेट रिकामा केला, पालथा घातला. आई बसली. फुंकर, फुंकर. तोंडाला रंग आला.

मग म्हणाली, "जुडी कशी दिली?"

आणि घेतली.