नीट बस

३ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

गुडघे जुळवून नीट बस, असं तू लहानपणी पाहुण्यांसमोर मला दटावलंस, ते अजून कानात आहे. आता तीच सवय मोडायचा मला पगार मिळतो. माझ्या उंच उडीवाल्या मुलींचे गुडघे बैठक मारताना आत वळतात. त्यांना आधी उंच खोक्यावर बसवते, मग बुटक्यावर, मग खोकंच काढून घेते. वजन सगळ्यांत शेवटी.

दादा म्हणतो, हात न टेकता खुर्चीतून उठता येत नसेल तर तो तुझ्या घराला कुलूप लावून तुला त्याच्याकडे नेणार. म्हणजे आता तूही माझी खेळाडू. खुर्चीवर दोन उशा ठेव. पावलांत खांद्यांएवढं अंतर, टाचा जमिनीला, गुडघे बाहेर. पुढे झुक आणि ऊठ. जमलं की एक उशी काढ.

तुझी कडक शिस्तीची,
धाकटी

२४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही उशा गेल्या. मग खुर्चीला नुसती शिवून उठू लागले. परवा तुझ्या बाबांचा जाडजूड शब्दकोश छातीशी धरून उठले. इतकी वर्षं घरात आहे, पहिल्यांदाच उपयोगी पडला.

काल दादा परीक्षा घ्यायला आला. बरोबर त्याचे सासरे. आता व्याह्यांसमोर पाय फाकवून बसायचं म्हणजे काय? कपडे सारखे केले, गुडघे जुळवले आणि तिथेच रुतले. शेवटी व्याह्यांनी हात धरून उठवलं. दादा जाताना माझ्या कपाटाची मापं तेवढी घेऊन गेला.

तू मनाला लावून घेऊ नकोस. खोक्यांवरून त्या पोरी पडतील, लक्ष ठेव.

तुझी नापास,
आई

२८ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले, मग बराच वेळ खोक्यावर बसून राहिले. मुलींना वाटलं, मी नवा व्यायाम दाखवतेय. त्याही बसल्या.

तू नापास नाहीस. माझी सगळ्यांत गुणी मुलगीही सरावात चोख बसते आणि निवड समितीसमोर गुडघे आत घेते. तिलाही घरी कुणीतरी चांगलं वळण लावलेलं आहे.

दादाला फोन केला. रविवारी पुन्हा बघतो म्हणाला. सासरेही येणार आहेत, मागच्या वेळेपासून त्यांना तुझी काळजी लागली आहे म्हणे. दिवाणखान्यात तीच खुर्ची असेल, शब्दकोश लागणार नाही.

लोभ आहेच. विनंती तेवढी वेगळी आहे, आणि तू नाही म्हणशील हे लिहितानाच ठाऊक आहे: रविवारी व्याह्यांसमोर, आई, नीट बसू नकोस.

तुझी,
धाकटी